माहितीदारांशी संबंध समाधानकारक

सोमवारी सकाळी प्रार्थनेनंतर तुम्ही चौथीची हजेरी घेत होतात. मुलींची नावं संपली, मुलांची सुरू झाली. तुम्ही खुर्चीत बसलात आणि पुन्हा उठला नाहीत. पौडच्या दवाखान्यात नेईपर्यंत तुम्ही गेला होतात. मंगळवारी तुमचा मेहुणा, सुमनवहिनींचा भाऊ, माझ्या कॉलेजात आला आणि त्यानं मला हे सांगितलं.

त्याला तीन आठवडे झाले. आमच्या कॉलेजच्या वार्षिकासाठी तुमच्यावर चार पानं लिहा, असं मला सांगितलं गेलं. मी जन्म, शिक्षण, नोकरी अशा क्रमानं एक कागद तयार केला. वाचून पाहिला तर तो तुमच्या सेवापुस्तकातला उतारा वाटला. फाडून टाकला. त्यापेक्षा तुमच्याशीच बोलते. मध्येच हात वर करून “ताई, ह्याला पुरावा?” असं आता तुम्ही विचारणार नाही. लिहिताना ही सोय होईल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात दर ओळीनंतर मी थांबते आणि वाट बघते.

विद्यापीठात आपण दोघांनी एकाच दिवशी, एकाच टेबलापाशी नावं घातली. तेव्हाची पद्धत आता मी विद्यार्थिनींना सांगते तेव्हा त्यांना ती एखाद्या व्रतासारखी वाटते. सरळ पीएच.डी.ला कुणी घेत नसे. आधी एम.फिल.ला नोंदणी. दोन-तीन वर्षं काम करायचं, मग वीस पानांचा अहवाल लिहायचा आणि समितीपुढे बसायचं. समितीला पटलं तर नोंदणी पीएच.डी.त बदलून मिळायची. नाही पटलं तर आहे तेवढ्यावर एम.फिल. घेऊन घरी. आणि चार वर्षांत समितीपुढे उभेच राहिला नाहीत तर नाव रद्द. “सर, आमची नोंदणी वर कधी जाणार?” असं विचारलं की आपले सर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, “पिकू द्या.” आंब्याच्या वखारीत बसल्यासारखे.

मी दुसऱ्याच वर्षी पिकले. माझा विषय होता जुन्या मासिकांतली वाचकांची पत्रं. माझे सगळे माहितीदार केव्हाच वारलेले आणि वर पक्क्या बांधणीत शिवलेले. त्यांच्यापैकी कुणी उलट बोललं नाही. समितीनं अर्ध्या तासात मला वर चढवलं, चहा घेतला आणि सर म्हणाले, “गुरुजींचं काय?”

तुमचं काय, हा प्रश्न विभागात पुढे दोन वर्षं चहाबरोबर निघत राहिला.

तुमचा विषय राब. भाताचं रोप ज्या तुकड्यात वाढवायचं तो तुकडा उन्हाळ्यात शेण, छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर देऊन भाजून घ्यायचा, ही मुळशीकडची रीत. तुमच्या वाडीत त्या तुकड्याला तरवा म्हणतात. कोण कुणाच्या रानातून फांद्या तोडतो, कोण कुणाला शेण देतो, भाजायला कोण कुणाकडे जातं आणि कोण जात नाही, यातून गाव कसं बांधलेलं असतं ते तुम्हाला दाखवायचं होतं. शनिवारी दुपारी शाळा सुटली की तुम्ही वही घेऊन बांधावर. रविवारी बांधावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर घरच्यांना सुद्धा तुम्हाला भेटायचं तर बांधावरच यावं लागे. अकरा वह्या भरल्या. पण वीस पानांचा अहवाल काही होईना.

“सगळं कळल्याशिवाय अर्धं कसं सांगू, ताई?”

“अर्धंच सांगायचं असतं, गुरुजी. त्यालाच अहवाल म्हणतात.”

“आणि उरलेलं अर्धं पहिल्याला खोटं पाडणारं निघालं तर?”

“तर त्याला प्रबंध म्हणतात.”

चौथं वर्ष जूनमध्ये संपणार होतं. फेब्रुवारीत एका रविवारी मी एसटीनं तुमच्याकडे आले, जमिनीवर बसले आणि म्हणाले, तुम्ही सांगा, मी लिहिते. तुम्ही दर वाक्याला ‘बहुधा’ घालत होतात आणि मी तो गाळत होते. सुमनवहिनी चुलीपुढून म्हणाल्या, “ताई, ह्यांला मला पसंत हाय म्हनायला बी असाच टाइम लागला हुता. माझा बा म्हनला, मास्तराला म्हनावं पोरगी हाय, परीक्षेचा पेपर न्हाई.” तुम्ही मान खाली घालून पुढचं वाक्य ‘बहुधा’शिवाय सांगितलंत.

सर कुठलाही अहवाल मागून उघडत. संदर्भसूची वाचली की त्यांना पुरे होई. तुमच्या सूचीत सहा पुस्तकं होती आणि त्रेचाळीस शेतकरी. सरांनी ती नावं बोटानं मोजली. “हे लोक खरोखर आहेत ना?” त्यांनी मला विचारलं. बाहेरच्या तज्ज्ञांनाही हीच शंका आली. त्यांनी राबावर स्वतः एक पुस्तक लिहिलेलं होतं आणि त्यांच्या पुस्तकात एकही शेतकरी नव्हता. ते म्हणाले, समिती वाडीवर जाईल, माहितीदारांना समक्ष भेटेल आणि तिथेच काय ते ठरवेल.

तसं पत्र विभागातून सरपंचांना गेलं.

आता इथे मला थांबायला हवं, कारण ते पत्र कुणी लिहिलं याबद्दल तुम्ही शेवटपर्यंत विभागाच्या कारकुनाला दोष देत होतात. पण ते नंतर.

वैशाखातला दिवस होता. विभागप्रमुखांना ऐन वेळी पित्त झालं, म्हणून समिती दोघांचीच आली: सर आणि तज्ज्ञ. तज्ज्ञ बंद गळ्याच्या कोटात. टिपणं घ्यायला मी. शाळेत खुर्ची एकच, तुमची. बाकीच्या दोन खुर्च्या दोन घरांतून आणलेल्या. तज्ज्ञांच्या वाट्याला आलेली मागे कलत होती, त्यामुळे ते सबंध वेळ छताशी बोलत असल्यासारखे दिसत. गावची माणसं भिंतीला टेकून ओळीनं बसली होती, सगळ्यांनी धुतलेले सदरे घातले होते आणि एकही जण तुमच्याकडे बघत नव्हता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पहिले धोंडिबा. तुमच्या वह्यांत सर्वांत जास्त नाव त्यांचं. वाडीतला सगळ्यात चांगला तरवा त्यांचा, असं तुम्ही अहवालात दोनदा लिहिलं होतं.

“हे गुरुजी तुमच्याकडे माहिती विचारायला येतात ना?” तज्ज्ञांनी विचारलं.

“कंचं गुरुजी?”

“हे. समोर बसलेत ते.”

धोंडिबांनी तुम्हाला पहिल्यांदाच पाहावं तसं पाहिलं. “हां, हे व्हय. न्हाई बा. ह्यांला आमी शाळंतच बगतो.”

“शेतावर कधी?”

“मास्तर मानूस शेतावर कशाला यील? चिखुल सोसत न्हाई त्यांला.”

“सुट्टीच्या दिवशी?”

“सुट्टीत बी शाळंतच असत्यात.” यानंतर धोंडिबांनी तुम्ही कशाकशासाठी सुद्धा शाळेबाहेर पडत नाही ते सांगितलं. ते वाक्य वार्षिकात छापता येणार नाही. तुम्ही मात्र पुढे कित्येक वर्षं ते मला ऐकवून हसायचात.

दुसरा म्हणाला, गुरुजींनी आम्हाला जन्मात एक प्रश्न विचारलेला नाही. तिसरा त्याच्याही पुढे गेला. “सायेब, खरं सांगू का? गुरुजींना भाताचं काय बी कळत न्हाई. ताटात पडला तर वळखतील तेवढंच.” चौथ्यानं तुमच्याजवळ वही असते हेच नाकारलं. एकामागून एक, सूचीतली नावं उभी राहत होती आणि तुमचं चार वर्षांचं काम पुसून खाली बसत होती. सर माझ्याकडे बघत होते. मी टिपणवहीकडे बघत होते. वहीत मी लिहिलं होतं: ‘चिखल सोसत नाही.’

काय चाललंय ते तुम्हाला दुसऱ्या साक्षीलाच उमगलं होतं. तुम्ही मला नंतर सांगितलंत. तुमच्या आधीचे मास्तर असेच एका कागदामुळे गेले होते. कुणी तरी निनावी अर्ज केला, वरून दोन साहेब आले, गावाला विचारलं. गावानं भोळेपणानं खरं सांगितलं, की मास्तर भले आहेत, आमच्याबरोबर भाताच्या लावणीला सुद्धा येतात. शाळेच्या वेळेत लावणी? झाली बदली. मग दीड वर्ष शाळेला कुलूप, आणि पोरं गुरांमागे. या वेळी पुन्हा शिक्का मारलेलं पत्र, पुन्हा दोन साहेब. वाडीनं आदल्या दिवशी देवळापुढे बसून ठरवलं होतं की गुरुजी कुठे जात नाहीत, कुणाला काही विचारत नाहीत आणि त्यांना शाळेशिवाय काहीही ठाऊक नाही.

तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर सगळं सावरलं असतं. “धोंडिबा, ही चौकशी नाही.” तुम्ही बोलला नाहीत. दोन परक्या माणसांसमोर धोंडिबांना खोटं पाडायचं नाही म्हणून तुम्ही गप्प बसलात आणि आपली नोंदणी हातातून जाताना बघत राहिलात. मीही बोलले नाही. माझं कारण तुमच्याइतकं चांगलं नव्हतं.

तज्ज्ञांनी फाइल मिटली. ते मनानं वाईट नव्हते. परतीच्या एसटीला अजून वेळ होता, तेव्हा तुम्हाला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून त्यांनी छताकडे बघत स्वतःच राबाबद्दल बोलायला सुरुवात केली. थर कसे देतात, माती का टाकतात. “आणि पेटवताना वारा पाठीशी घ्यायचा,” ते म्हणाले, “म्हणजे आग झपाट्यानं पुढे जाते.”

चहाचं ताट घेऊन आलेल्या हौसाबाई दारातच थांबल्या. “कुनी सांगितलं ह्ये?”

तज्ज्ञांनी आपल्या पुस्तकाचं नाव सांगितलं.

“मंग त्यानं कदी भाजला न्हाई. अवं, वाऱ्यासंगं लावली तर वरचं गवात भुर्रकन जळून जातंय आन् खाली श्यान कच्चंच. वारा जिकडं जातोय त्या टोकाला लावायची. मंग ती वाऱ्याच्या उलटी, हळूहळू सरकतीया. दिसभर धुमसतीया. तवा कुटं तन मरतंय.”

“हौसे, तू गप,” धोंडिबा म्हणाले.

“का गप? तुमच्याच तरव्याला ह्या वक्ताला माती लई पडलीया. आग धरली न्हाई.”

“माझ्या तरव्याला?” धोंडिबा उभे राहिले. “माती बोटभर टाकायची! आज टाकतोय का मी? माझा आजा टाकायचा बोटभर!”

“बोटभर न्हवं, चिमूटभर. चाळून.”

“चाळून? तरवा हाय का पुरनपोळी?”

मग काही राहिलं नाही. भिंतीला टेकलेली सगळी ओळ उठली. कुणाच्या शेणाला धग जास्त, ऐनाची फांदी बरी की किंजळाची, कुणाची आग कुणाच्या बांधापलीकडे गेली होती आणि त्यावरून किती वर्षं बोलणं बंद होतं. तज्ज्ञ खुर्चीतून पुढे झुकले आणि पहिल्यांदाच माणसांकडे बघू लागले. धोंडिबा आता थेट त्यांच्यावर ओरडत होते. “माझ्यावर इस्वास न्हाई ना? मग गुरुजींच्या वहीत बगा की! धाकट्या पोराच्या लग्नाच्या साली समदं सांगितलंय मी त्यांना, थरासकट! चितार सुदिक काडलंय त्यांनी!”

धोंडिबांनी हात तोंडावर ठेवला.

“म्हणजे गुरुजी तुमच्या शेतावर येतात,” तज्ज्ञ म्हणाले.

धोंडिबांनी एकदा तुमच्याकडे पाहिलं, एकदा सरपंचांकडे. “सायेब, बदली करनार नसाल तर सांगतो.”

“मला कुणाची बदली करता येत नाही हो. माझीच दोनदा झाली आहे.”

त्यानंतर वाडीनं समितीला दुपारभर सोडलं नाही. त्रेचाळीसपैकी जेवढे जिवंत आणि गावात होते तेवढे सगळे आपापला तरवा दाखवायला हात धरून ओढत होते. तज्ज्ञांचा कोट धोंडिबांच्या सुनेनं वळणीवर टाकला. हौसाबाईंनी त्यांच्या हातात पेटता पेंढा दिला आणि वाऱ्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते खांद्याला धरून दाखवलं. ते खोकत होते आणि तुमची सातवी वही मागत होते. एसटी चुकली. दुसरी यायची होती तोवर समितीचा निर्णय शाळेच्या दुरेघी वहीच्या कागदावर मीच लिहून काढला, कारण विभागाचा कागद मी आणायला विसरले होते. उमेदवाराची नोंदणी पीएच.डी.त बदलावी अशी शिफारस. खाली तज्ज्ञांनी स्वतः एक ओळ सांगितली आणि सांगताना जराही हसले नाहीत: ‘संशोधकाचे माहितीदारांशी संबंध समाधानकारक आहेत.’

गुरुजी, तुमचं घर वाडीच्या खालच्या अंगाला, बौद्ध वस्तीत. धोंडिबांचं वरच्या. बांधावर बसून तुमच्याशी बोलायला कुणाची कधी हरकत नव्हती. ओसरीवर ‘बसा’ म्हणायला त्यांना दोन वर्षं लागली. हे तुम्ही अकरा वह्यांत कुठेही लिहिलं नाही. मला एकदाच सांगितलंत, तेही एसटी वळणावर दिसल्यावर, म्हणजे मला उत्तर द्यायला वेळ राहू नये. समिती एसटीकडे पुढे निघाल्यावर त्या दिवशी तुम्ही शाळेच्या पायरीवर बसलात आणि म्हणालात, “ताई, नोंदणी गेली असती तरी चाललं असतं.” मला तेव्हा राग आला. फेब्रुवारीत मी दिवसभर जमिनीवर बसून अहवाल लिहिला होता आणि ह्यांना नोंदणी गेली तरी चालणार होतं. तुम्ही काय म्हणत होतात ते मला पिरंगुटच्या पुढे कुठे तरी, एसटीत कळलं.

पुढे त्याच दिवसावरून आपलं भांडण सुरू झालं ते संपलं नाही. मी म्हणत होते, हा प्रसंग पद्धतीच्या प्रकरणात जायलाच हवा. माणसं संशोधकाला केव्हा सांगतात आणि केव्हा लपवतात, याचं याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार? तुम्ही म्हणायचात, “ती माणसं माझ्यासाठी खोटं बोलली. ते मी त्यांच्या नावानिशी छापू?” मी म्हणे, नावं बदला. तुम्ही म्हणायचात, “धोंडिबाचं नाव बदललं तर धोंडिबा म्हणेल, माझा तरवा दुसऱ्याच्या नावावर का लावला?” आज मी नावं बदलून छापते आहे. रागवायचं तर रागवा.

आणि ते पत्र. ‘समिती समक्ष येऊन श्री. गुरुजी यांच्या कामाची तपासणी करील. संबंधितांनी विनासबब हजर राहून विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे द्यावीत.’ ते कारकुनानं लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं. मला वाटलं, सरकारी भाषेत लिहिलं की गाव मनावर घेईल. शिक्का सुद्धा मीच मारला, जरा ठळक उमटावा म्हणून दोनदा. तुम्ही त्या कारकुनाला दर भेटीत “काय हो, विनासबब” म्हणून चिडवायचात आणि तो बिचारा माझ्याकडे बघायचा. मी सांगणार होते. प्रबंध दिलात की सांगायचं, हसण्यावारी जाईल, असं ठरवलं होतं.

तुम्ही प्रबंध दिला नाहीत. वर चढलात आणि पुन्हा बांधावर जाऊन बसलात. दर वैशाखात “एवढी एक भाजणी बघतो” म्हणायचात. मी डॉक्टर झाले, सर निवृत्त झाले, तुम्हाला दोनदा मुदतवाढ मिळाली, दुसरी येत्या जूनपर्यंतची. मी बोलायची ते टोचून बोलायची. शेवटच्या भेटीत मी म्हणाले, “गुरुजी, समितीनं तुम्हाला वर चढवलं ते उतरण्यासाठी नव्हे.” तुम्ही हसलात. मी हसले नाही. ते मला आता पुन्हा करता आलं असतं तर मी वेगळं बोलले असते. निदान हसले असते.

शोकसभेला मी वाडीवर गेले होते. शाळेतच होती. धोंडिबा आता फार थकलेत, काठीनं आले. सगळं झाल्यावर मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, “बाई, गुरुजी पुरं डॉक्टर झालं हुतं का?”

“नाही, धोंडिबा. राहिलं.”

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “मग वरच्या सायबास्नी सांगायचं का, झालं हुतं म्हनून? आमी समदे सांगू. पत्तर तेवढं पाठवा.”

मी त्यांना समजावून सांगितलं की तसं होत नाही. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

वहिनींनी तुमचं सगळं माझ्याकडे दिलं. अकरा नव्हे, एकोणीस वह्या निघाल्या. प्रबंधाची पाच प्रकरणं टंकलिखित आहेत. सहावं, निष्कर्षाचं, तुमच्या हातचं आहे. ते सात पानांचं आहे आणि आठव्या पानावर फक्त पानाचा आकडा घातलेला आहे. नोंदणी रद्द करण्याचा अर्ज विभागानं माझ्याकडे पाठवला आहे. मी तो भरलेला नाही. जूनपर्यंत तुम्ही पीएच.डी.चे विद्यार्थी आहात.